सोन्याचा ससाणा

नाणी जमविण्याचा छंद ज्यांना आहे त्यांना आज कशाची वाण नाही. देशोदेशीच्या टाकसाळी दरवर्षी नवनवी स्मारक-नाणी पाडीत असतात. संग्राहकही हुशार झाले आहेत. सगळ्या जगाची सगळी नाणी जमविणे कुणाच्याच आवाक्यातले नाही, म्हणून ते एखादा विषय निवडतात. कुणी केवळ पशुपक्ष्यांची नाणी गोळा करतो, कुणी जहाजांची, कुणी साधुसंतांची, तर कुणी पिकांची. विषय हाती धरला की दहा देशांची नाणी एका ओळीत मांडता येतात आणि एकाच गोष्टीकडे वेगवेगळ्या लोकांनी कसे पाहिले, हे नजरेसमोर उभे राहते. आज मी अशाच एका विषयासंबंधी चार शब्द बोलणार आहे. तो विषय म्हणजे विजयाची नाणी. त्याचा आरंभ करण्यासाठी मला रोमला किंवा लंडनला जावयाचे कारण नाही. आमच्या बऱ्हाणपुराहून उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर असीरगड उभा आहे. विजयाचे एक अतिशय देखणे नाणे त्या गडाच्या नावाने पाडले गेले आहे.

हे नाणे म्हणजे अकबर बादशहाची सोन्याची मोहोर. तिच्या एका बाजूला ससाणा आहे. पंख मिटून, मान ताठ ठेवून तो उभा आहे आणि त्याच्या भोवती वेलबुट्टीची नाजूक नक्षी आहे. दुसऱ्या बाजूला फारसी लिपीत मजकूर आहे: अल्लाहु अकबर, महिना इस्फंदारमुज, इलाही सन ४५, असीर येथे पाडले. बादशहाचे नाव नाही, पदव्या नाहीत, विजयाचा उच्चारही नाही. तेवढा पक्षी, गडाचे नाव आणि महिना. मोगलांच्या नाण्यांवर सामान्यतः अक्षरेच असत, चित्र क्वचितच दिसे. म्हणूनच हा ससाणा पाहणाऱ्याला चकित करतो. ही मोहोर अत्यंत दुर्मीळ असून तिचा एक नमुना लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

इलाही सन हा अकबराने स्वतःच्या राज्यारोहणापासून मोजलेला सौर सन होता आणि त्याचे महिने इराणी नावांचे होते. इस्फंदारमुज हा त्यातला बारावा म्हणजे शेवटचा महिना. तेव्हा या मोहोरेचा काळ १६०१ सालच्या फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराचा ठरतो. असीरगड मोगलांच्या हाती आला तो जानेवारी १६०१ मध्ये. म्हणजे गड घेतल्यावर महिना-दोन महिन्यांतच ही मोहोर पडली. शिकारी पक्ष्याने झडप घालावी आणि सावज पंजात यावे, तसा बादशहाने गड घेतला, असाच या चित्राचा भाव अभ्यासकांनी मानला आहे.

आता प्रश्न असा की, गड खरोखर झडप घालून घेतला होता काय?

खानदेशावर त्या वेळी फारुकी घराण्याचे राज्य होते. बऱ्हाणपूर ही त्यांची राजधानी व असीरगड हा त्यांचा आधार. राजा अली खान ऊर्फ आदिल शाह हा फारुकी सुलतान मोगलांशी जुळवून घेणारा होता. १५९७ साली गोदावरीकाठी झालेल्या लढाईत तो मोगलांच्या बाजूने लढता लढता मारला गेला. त्याचा मुलगा बहादूर खान गादीवर आला आणि त्याने बादशहाशी फटकून वागण्यास सुरुवात केली. १६०० सालच्या वसंतात अकबर स्वतः बऱ्हाणपुरास येऊन ठेपला. शहर सहज हाती आले, परंतु गड काही आला नाही. महिन्यांमागून महिने वेढा चालला. अबुल फजल आणि शेख फरीद बुखारी यांसारखी मोठी माणसे त्या कामी राबत होती. ज्याच्या साम्राज्याला काबूलपासून बंगालपर्यंत कोणी अडवू शकले नव्हते, त्या बादशहाला एका डोंगराने वर्षाच्या अखेरपर्यंत खोळंबून ठेवले.

पुढे काय झाले याच्या दोन हकीकती आहेत. मोगल दरबारच्या इतिहासकारांनी गडावर रोगाची साथ पसरल्याचे, आतील लोक हवालदिल झाल्याचे आणि अखेर शरण आल्याचे लिहिले आहे. दुसरी हकीकत ख्रिस्ती पाद्र्यांकडून आली. बादशहाच्या छावणीत त्या वेळी जेझुइट संघाचे फादर जेरोम झेवियर होते. गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या भावंडांच्या वंशातले ते. त्यांच्याबरोबर ब्रदर बेनेडिक्ट गोइश हेही होते. पुढे हेच गोइश काबूल, यारकंद करीत खुष्कीच्या मार्गाने चीनपर्यंत गेले आणि १६०७ मध्ये तिकडेच वारले.

या पाद्र्यांच्या पत्रांवरून युरोपात जो वृत्तांत छापला गेला तो असा. बहादूर खानाला बोलणी करण्यासाठी सुरक्षिततेचे वचन देऊन गडाखाली बोलाविले आणि तो आल्यावर त्याला परत जाऊ दिले नाही. तरीही गडाच्या हबशी किल्लेदाराने दरवाजे उघडले नाहीत. तेव्हा बादशहाने झेवियर यांच्याकडे पोर्तुगीजांकडून तोफा मागवून देण्याची गोष्ट काढली. हे आपल्या धर्माला धरून होणार नाही असे झेवियर यांनी सांगताच बादशहाचा कोप झाला. अखेरीस गडावरच्या सरदारांना सोन्यारुप्याने वश करण्यात आले आणि दरवाजे उघडले.

ही दुसरी हकीकत व्हिन्सेंट स्मिथ या इंग्रज इतिहासकाराने १९१७ साली आपल्या अकबर-चरित्रात खरी मानली. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी तिच्यावर आक्षेप घेतले. पाद्री छावणीत होते, गडावर नव्हते. शिवाय त्यांची पत्रे छापताना युरोपातील लेखकांनी त्यांत आपल्या पदरचे काय घातले, हाही प्रश्न आहेच. पाद्री आमच्या धर्माचे, म्हणून त्यांचा शब्द मी डोळे झाकून प्रमाण मानणार नाही. अबुल फजल हा तर वेढ्याच्या कामात स्वतःच गुंतलेला. त्याचाही शब्द तटस्थ साक्षीदाराचा म्हणता येत नाही. एवढे मात्र दोन्ही बाजूंनी मान्य आहे की, असीरगड तटाला भगदाड पाडून, हातघाईच्या लढाईत जिंकलेला नाही. थकवून, बोलणी करून आणि गडाच्या धन्याला आधी ताब्यात घेऊन तो मिळविला गेला. बहादूर खानाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली व फारुकी घराण्याचे राज्य संपले. मोहोरेवरील ससाणा यातले काहीच सांगत नाही. पाद्र्यांचे म्हणणे खरे असेल, तर आणखी एक विलक्षण योग म्हणावा लागेल. ज्या धातूने गडाचे दरवाजे उघडले, त्याच धातूवर झडपेचे चित्र कोरले गेले.

ही उणीव भरून काढावयाची असेल, तर नाणे हातात घेऊन बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत जावे. ही मशीद राजा अली खानाने बांधली. तिच्यात अरबी लेखाच्या जोडीला विक्रम संवत १६४६ चा एक संस्कृत लेख आहे. मशिदीत संस्कृत लेख, हेच अपूर्व. त्यात फारुकी घराण्याची वंशावळ दिली आहे आणि तिथी-नक्षत्रांसह काळ नोंदविला आहे. त्याच मशिदीत अकबराच्या आगमनाचा व विजयाचा फारसी लेखही कोरलेला आहे. ज्याचे राज्य गेले त्याचा शब्द आणि ज्याने ते घेतले त्याचा शब्द, दोन्ही एकाच छपराखाली वाचावयास मिळतात.

आणखी एक लेख पाहावयाचा तर फत्तेपूर शिक्रीला जावे लागते. दक्षिणेहून परतल्यावर बादशहाने तेथल्या बुलंद दरवाजावर खानदेशच्या विजयाची नोंद कोरविली. तीत खानदेशाला आता दानदेश म्हणतात असेही लिहिले आहे. शहाजादा दानियाल याच्या नावावरून हे नाव ठेवले होते. ते टिकले नाही आणि दानियालही १६०५ साली बऱ्हाणपुरातच वारला. याच दरवाजावर येशूच्या नावाने एक वचन आहे. जग हा पूल आहे, त्यावरून जावे, त्यावर घर बांधू नये, असा त्याचा आशय. हे वचन आमच्या शुभवर्तमानांत नाही. मुसलमानी परंपरेत ते येशूचे म्हणून चालत आले आहे. तथापि विजयाच्या नोंदीशेजारी ते कोरविण्याची बुद्धी बादशहाला झाली, याचे मला राहून राहून नवल वाटते. वृद्धापकाळी दरवाजावर हे लिहविणारा अकबर आणि सोन्याच्या मोहोरेवर ससाणा काढविणारा अकबर, एकच. केवळ मोहोर पाहिली तर आपल्याला अर्धाच अकबर भेटतो.

असीरगड पुढे अनेक हातांतून गेला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने तो मराठ्यांना दिला. पुढे तो शिंद्यांकडे होता. २१ ऑक्टोबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनच्या इंग्रजी फौजेने तो फारसे रक्त न सांडता घेतला, नंतर तो पुन्हा शिंद्यांकडे गेला. १८१९ मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना आश्रय दिल्याच्या संशयावरून इंग्रजांनी गडाला पुन्हा वेढा घातला. किल्लेदार यशवंतराव लाड यांनी तो निकराने लढविला आणि एप्रिलमध्ये गड पडला. ही दुसरी लढाई पहिल्यापेक्षा कितीतरी कठीण होती. परंतु १८५१ साली इंग्लंडात ‘हिंदुस्थानच्या सैन्यासाठी’ म्हणून जे चांदीचे पदक मंजूर झाले, त्याच्या फितीवरील पट्ट्यांत असीरगडाचे नाव आले ते १८०३ चे. १८१९ च्या असीरगडासाठी त्यात पट्टी नाही. शिवाय हे पदक तोपर्यंत हयात असलेल्यांनाच मिळावयाचे होते. १८०३ चा शिपाई १८५१ पर्यंत किती जगला असेल, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा. सोपा विजय चांदीवर चढला आणि अवघड विजय कागदावर राहिला. स्मारक कशाचे करावयाचे हे घटनेच्या मोठेपणावर ठरतेच असे नाही. ते करणाऱ्याच्या सोयीवर ठरते.

ही रीत फार जुनी आहे. ऑगस्टस कैसराने ईजिप्त घेतल्यावर नाण्यावर मगर काढली आणि ‘ईजिप्त जिंकले’ अशी अक्षरे घातली. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेम पाडले, तेथील मंदिर जाळले. त्यानंतर व्हेस्पासियन बादशहाने व त्याच्या मुलांनी सोने, चांदी व तांबे या तिन्ही धातूंत नाणी काढली. त्यांवर खजुराच्या झाडाखाली बसलेली शोकमग्न स्त्री आहे. ती स्त्री म्हणजे पराभूत यहुदी देश. एका राष्ट्राचे दुःख दुसऱ्या राष्ट्राच्या बाजारात भाजीपाल्याच्या मोबदल्यात हातोहात फिरत राहिले. त्या नाण्याला उत्तर मिळावयास जवळजवळ १९०० वर्षे लागली. १९५८ साली इस्राएलने आपल्या दशकपूर्तीचे पदक काढले. त्याच्या एका बाजूला तेच रोमन नाणे घेतले. दुसऱ्या बाजूला मुलाला उंच उचलणारी स्त्री व रोपटे लावणारा पुरुष दाखविला.

आपल्या काळात स्मारक-नाण्यांचे विषय बदलले, ही समाधानाची गोष्ट होय. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक-नाणे निघाले ते १९६४ साली, पंडित नेहरूंच्या निधनानंतर. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीची नाणी आली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९६८ पासून एक योजना हाती घेतली. निरनिराळ्या देशांनी अन्नधान्य हा एकच विषय घेऊन नाणी काढावीत, अशी ती योजना होती. व्हॅटिकनने त्याच वर्षी अशी नाणी काढली. १९७० मध्ये भारताने ‘सर्वांसाठी अन्न’ हे शब्द आपल्या नाण्यावर घेतले, १९७३ मध्ये ‘अधिक धान्य पिकवा’ असे सांगितले. गरीब संग्राहकालाही परवडेल असा हा विषय आहे. थोड्या खर्चात अनेक देशांची कणसे, नांगर, मासे आणि गाई एका वहीत मांडता येतात. पुढे आपल्याकडे १९९० मध्ये डॉ. आंबेडकरांचे, १९९९ मध्ये शिवछत्रपतींचे, २००२ मध्ये संत तुकारामांचे, २००७ मध्ये लोकमान्य टिळकांचे आणि २००९ मध्ये केरळच्या संत अल्फोन्सा यांचे नाणे निघाले. यांत कुणाच्याही गळ्यात दोरखंड नाही.

तरीसुद्धा जुन्या विजयाच्या नाण्यांकडून खरे कसे वदवून घ्यावे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तम उत्तर आपल्याच नाशिक जिल्ह्यात मिळाले. १९०६ साली जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि सगळी मुळात क्षहरात राजा नहपान याची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाचा चेहरा खाली अर्धवट दिसतो आणि त्यावर गौतमीपुत्राची चिन्हे उमटलेली आहेत. एकाच चांदीच्या तुकड्यावर जेता व जित दोघेही हजर. रेव्हरंड स्कॉट या मिशनऱ्याने या साठ्याचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, आपल्या मुलाने क्षहरातांचे कुळ उखडले असे कोरविले आहे. आई मुलाची थोरवी गाणारच, असे कुणी म्हटले असते. परंतु जोगळटेंभीच्या नाण्यांनी तिच्या शब्दाला दुजोरा दिला.

हा दुजोरा मिळाला कशामुळे? इतकी नाणी एकत्र, एका जागेवर सापडली आणि एकत्र पाहिली गेली म्हणून. त्यांतले एकेक नाणे वेगवेगळ्या सराफाकडे गेले असते आणि मुशीत वितळले असते, तर नहपान व गौतमीपुत्र यांच्या वैराचा सर्वांत बोलका पुरावा नाहीसा झाला असता. किती नाण्यांवर नवा ठसा आहे व किती तशीच राहिली, हे प्रमाणसुद्धा एका नाण्यावरून कधीच कळले नसते.

हे सांगण्याला आज निमित्त आहे. मार्च २०२५ मध्ये असीरगडच्या पायथ्याची शेते रात्री दिव्यांनी उजळून निघाली होती. एका गाजलेल्या ऐतिहासिक चित्रपटानंतर मोगलांचे सोने येथे पुरलेले आहे अशी आवई उठली आणि माणसे विजेऱ्या, चाळण्या, कुदळी घेऊन माती उपसू लागली. काहींनी धातू शोधण्याची यंत्रेही आणली. वर्तमानपत्रांतून ती छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. त्या लोकांना हसणे सोपे आहे. ज्याच्या शेतात दोन वर्षे नीट पीक आलेले नाही, त्याला एका मोहोरेची आशा वाटली तर नवल नाही. परंतु त्या चाळणीत खरोखरच एखादे नाणे लागले, तर त्याची वाट कोणती हे आपल्याला ठाऊक आहे. रात्रीत सौदा, सकाळी मूस. ते कोणत्या थरात होते, सोबत मातीचे भांडे होते की नाही, शेजारी आणखी कोणती नाणी होती, हे सर्व त्या रात्रीच पुसले जाते. उरते ते तोळ्यामाशाचे सोने.

कायदा यासंबंधी स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास ते सापडणाऱ्याने कलेक्टरला कळविले पाहिजे. दडवून ठेवणे हा गुन्हा आहे. पण केवळ कायद्याचा धाक घालून काम भागत नाही. बऱ्हाणपूर हे मोगलांच्या टाकसाळीचे गाव होते. जहांगीर, शहाजहान, औरंगजेब यांच्या कितीतरी नाण्यांवर या शहराचे नाव आहे. तेव्हा आमच्या भागातल्या नांगराला अधूनमधून एखादे नाणे लागले, तर त्यात आश्चर्य कसले? ज्याला ते लागेल त्याला ते बोलणारे आहे हे कुणीतरी समजावून सांगितले पाहिजे. ते काम शाळेचे आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांचे आहे आणि छंदी मंडळींचेही आहे.

छंदी मंडळींना माझी विनंती अशी. नवी स्मारक-नाणी खुशाल विकत घ्या. जुनी घेताना मात्र ते कोठून आले हे विचारा आणि विक्रेता सांगू शकत नसेल, तर हात आवरा. आपल्या वहीत प्रत्येक नाण्यापुढे तीन गोष्टी लिहा: ते कोणी पाडले, ते काय सांगते आणि कशाविषयी गप्प बसते. तिसरा रकाना भरावयास सर्वांत अवघड. त्यासाठी पुस्तके वाचावी लागतात, शिलालेख पाहावे लागतात, कधी शत्रूचीही पत्रे वाचावी लागतात. मुलांना ससाण्याची मोहोर विकत घेता येणार नाही. तिचे छायाचित्र वहीत चिकटविता येईल, त्याखाली जामा मशिदीतला संस्कृत लेख पाहिल्याची तारीख लिहिता येईल. सुट्टीच्या दिवशी असीरगडावर चढून जाता येईल. वर पोचल्यावर त्यांना तो तट आणि खालचे खोल उतार दिसतील, आणि एवढ्या उंचीवर ससाण्याला नेमकी कशी झडप घालता आली असेल, हा प्रश्न त्यांचा तेच विचारतील.